सिल्व्हर सर्फरला गिल्ट आली कुठून

परवा बर्डीवर तर्री पोहे खाता खाता भाच्यानं विचारलं, मामा, हा कॉमिकमधला सिल्व्हर सर्फर नेहमी सुतकात असल्यासारखा काऊन रायते? तेव्हा पोहे थंड होईपर्यंत जे सांगितलं तेच इथं टाकून राहिलो.

तर भाऊ, सुरुवातीला त्याला दुःखबिःख काहीच नव्हतं. १९६६ साल, फँटॅस्टिक फोर या चार सुपरहिरोंच्या कॉमिकचे ४८ ते ५० अंक. तेव्हा मार्व्हल या कॉमिक कंपनीत लेखक स्टॅन ली गोष्ट थोडक्यात सांगायचा, चित्रकार पानं काढून आणायचा आणि डायलॉग मागाहून भरायचे. ग्रह खाणारा गॅलॅक्टस ठरलेला होता, पण चित्रकार जॅक कर्बीनं पानं आणली तर त्यात फळीवर उभा एक चकचकीत माणूस, जो ठरलेल्या गोष्टीत नव्हताच. कर्बीचं म्हणणं, एवढा मोठा गॅलॅक्टस, पुढं वर्दी द्यायला कोणी नको का? बरोबरच आहे, आपल्याकडे साधा नगरसेवक यायचा तरी आधी दोन पोरं बाइकवर येतात.

हा पहिला सर्फर एकदम कोरा. फँटॅस्टिक फोरमधल्या दगडी थिंगनं ठोसा हाणला तर जाऊन पडला त्याच्याच मैत्रिणीच्या, आंधळ्या अलिशियाच्या घरात, तिनं बिचारीनं खायला दिलं आणि यानं ते न खाता सरळ एनर्जी करून टाकलं. (माझ्या आजीसमोर केलं असतं तर गॅलॅक्टस परवडला असता.) पण इथली माणसं मरतील हे तिनं तळमळून सांगितलं आणि गडी मालकावरच उलटला. गॅलॅक्टस गेला, पण जाताना याला पृथ्वीवर कोंडून गेला, म्हणजे तडीपारीच्या उलट. वर उडाला की अदृश्य भिंतीवर आपटणार, कूलरच्या जाळीवरच्या माशीसारखा.

गिल्ट पक्की झाली १९६८ मध्ये. ली आणि चित्रकार जॉन बुसेमानं त्याचं वेगळं कॉमिक काढलं, कर्बीला बाजूला ठेवून. कर्बीच्या डोक्यात सर्फर कधी माणूस नव्हताच, गॅलॅक्टसनं एनर्जीतून बनवलेला होता. लीनं त्याला नाव दिलं नॉरिन रॅड, ग्रह दिला झेन-ला, प्रेयसी दिली शाला-बाल, आणि स्वतःचं गाव वाचवायला यानं गॅलॅक्टससाठी खायचे ग्रह हुडकायची ही नोकरी पत्करली असं सांगितलं. आता घरदार असलेला माणूस म्हटला की दुसऱ्यांच्या घरादाराचा हिशोब आलाच ना. कॉमिक १८ अंकांत बंद पडलं पण तो रडवेला सर्फर टिकला. पुढं तर गॅलॅक्टसनं त्याच्या मनातच ढवळाढवळ केली होती असंही लिहिलं गेलं, जी मला साफ पळवाट वाटते.

१९८७ च्या सिरीजमध्ये तो भिंतीबाहेर निघाला तो फँटॅस्टिक फोरच्याच यानात बसून. आणि २०२५ च्या फँटॅस्टिक फोरच्या पिक्चरमध्ये तर फळीवर शाला-बालच आहे, तिला त्या चौघांतला जॉनी मरणाऱ्या ग्रहांवरच्या लोकांचे रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवतो. १९६६ मध्ये हेच काम अलिशियानं ताट वाढून केलं होतं.