दिवाळीच्या गिफ्ट बॉक्समधला सुवास आला कुठून?

दिवाळी जवळ आली की हल्ली ऑफिसात, सोसायटीत जे बॉक्स वाटतात त्यात मिठाईच्या जोडीला सेंटेड कँडल, हँडमेड साबण, बाथ सॉल्ट, रूम स्प्रे असलं काहीतरी हमखास निघतं आणि घरातली मोठी माणसं लगेच म्हणतात, ही सगळी परदेशी फॅशन. मला ते पटत नाही. मेणबत्ती, बाथ सॉल्ट बाहेरून आले हे खरंय, पण सुवासाची चैन करणं आणि पाहुण्याला सुवास देणं हे आपल्याकडे फार आधीपासून आहे.

किती आधीपासून, तर सहाव्या शतकातल्या वराहमिहिर या ज्योतिषाच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंधी मिश्रणं करण्याच्या विद्येवर, आख्खा अध्याय आहे, त्यात 16 सुगंधी द्रव्यांतून 4-4 निवडली तर 1820 मिश्रणं होतात असं चक्क गणित मांडलंय. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास या ग्रंथात राजाचं स्नान, अंगाला लावायचे लेप, धूप यांची सविस्तर वर्णनं सापडतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी या विषयावर खूप काम केलं, त्यांनी उजेडात आणलेल्या गंधवाद नावाच्या ग्रंथावर तर जुनी मराठी टीका आहे, म्हणजे मराठीतही कोणीतरी बसून अत्तर-उटण्याच्या कृती समजावत होतं. मला हे फार भारी वाटतं.

दरबारात निरोपाच्या वेळी अत्तर आणि विडा द्यायची पद्धत होती, इंग्रजांनीही आपल्या दरबारांत ती उचलली. घराघरात तीच गोष्ट हळदीकुंकवाला, मनगटावर अत्तराचं बोट आणि गुलाबदाणीतून चार थेंब. हे अत्तर उत्तर प्रदेशातल्या कनौजचं असलं तर त्यामागे केवढा खटाटोप असतो बघा: तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी, झाकण मातीने लिंपून बंद, बांबूच्या नळीतून वाफ खाली पाण्यात ठेवलेल्या भपका नावाच्या भांड्यात जाते आणि त्या भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं, तेच फुलाचा वास धरून ठेवतं. चंदन नसेल तर ते अत्तर कसलं. म्हणून चंदन महाग झाल्यावर बऱ्याच ठिकाणी लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल वापरायला लागले, त्याचं वाईट वाटतं.

चंदनाची सगळ्यात भन्नाट गोष्ट मात्र म्हैसूरची. तिथलं चंदन युरोपात जायचं, तेल तिकडेच निघायचं. 1914 ला महायुद्ध सुरू झालं, जहाजं अडली आणि लाकडाचे ढीग पडून राहिले, मग म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी ठरवलं की तेल इथेच काढायचं, 1916 ला तेलाचा कारखाना उभा राहिला. पुढे कुणा परदेशी पाहुण्याने महाराजांना चंदनाच्या तेलाच्या साबणांचा सेट भेट दिला आणि त्यावरून आपणच साबण का करू नये असं डोक्यात आलं असं सांगतात. त्यासाठी सोसले गरळपुरी शास्त्री या रसायनतज्ज्ञांना इंग्लंडला शिकायला पाठवलं. मैसूर सँडल साबण आला तो लंबगोल, दागिन्याच्या डबीसारख्या खोक्यात, वर हत्तीचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेला शरभ हा पुराणातला प्राणी. विचार करा, कारखाना सरकारी आणि पॅकिंग असं की कुणाला द्यायलाच बनवलंय! आजही तो कर्नाटक सरकारच्याच कंपनीचा आहे.

मुंबईत त्याच सुमारास आर्देशिर गोदरेज वनस्पती तेलाचा साबण करत होते, साबणातली प्राण्यांची चरबी नको असणाऱ्या घरांनाही तो वापरता आला.

आपल्याकडच्या दिवाळीत साबण घट्ट बसला तो मात्र मोती. टाटांच्या टॉमको कंपनीने 70 च्या दशकात काढला, मोठा गोल, गुलाब आणि चंदन, हातात धरला तरी जड लागायचा. रोजच्या साबणापेक्षा महाग म्हणून वर्षभर कोण वापरणार, पण नरकचतुर्दशीला पहाटे तेल, उटणं आणि मग नवा मोती हे घरोघरी ठरून गेलं. 90 च्या दशकात टॉमको हिंदुस्तान लिव्हरकडे गेली, साबण तोच राहिला, आणि आता त्याची जाहिरात दिसली की लोकांना दिवाळी आली असं वाटतं. उटण्याला काही झालं नाही हेही महत्त्वाचं. चंदन, वाळा, नागरमोथा, गव्हला, कपूरकाचरी, आंबेहळद कुटून केलेली पुडी वाण्याकडे मिळतेच, संस्था आणि पक्षवालेही दिवाळीला दारोदार वाटतात, आणि गिफ्ट बॉक्सवाल्यांनी तीच काचेच्या बरणीत घालून लाकडी चमच्यासकट विकायला घेतलीये. किंमत बघून मोठी माणसं नाक मुरडतात, पण वास घेतला की तो वाळा आणि नागरमोथाच असतो, त्यामुळे निदान त्या बरणीला तरी परदेशी म्हणू नका.