मुंबईत पुराव्यांची पारख कशी घडत गेली?

वादात ‘पुरावा काय?’ असं आपण सर्रास विचारतो. पुरावा कुठल्या प्रकारचा, हे क्वचितच. न्यायदर्शनाने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कपरंपरेने, ही विभागणी फार पूर्वी केली होती: प्रत्यक्ष (स्वतः अनुभवलेलं), अनुमान (तर्काने काढलेलं), उपमान (साम्यावरून ओळखलेलं) आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. चार्वाकांनी, म्हणजे वेद न मानणाऱ्या जडवाद्यांनी, शब्दाला थाराच दिला नाही.

मुंबईत या शब्दप्रामाण्याची कसोटी लागली ती महाराज लायबल खटल्यात. वैष्णव पंथाच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे महाराजांच्या दुराचारावर समाजसुधारक करसनदास मुळजींनी आपल्या ‘सत्यप्रकाश’ या पत्रात लिहिलं आणि जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. महाराजांविरुद्ध कुणी साक्ष देऊ नये म्हणून भाटिया ज्ञातीतल्या काहींनी आपसात करार केला. त्याबद्दल त्यांच्यावर वेगळा खटला होऊन दंड बसला. तरीही 1862 मध्ये पंथातलेच काहीजण उभे राहिले आणि डोळ्यांनी पाहिलेलं सांगून गेले. जातीबाहेर पडायची भीती असताना दिलेल्या त्या साक्षी मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाच्या वाटतात. डॉ. भाऊ दाजी लाड वैद्यकीय बाजूवर बोलले, डॉ. जॉन विल्सन धर्मग्रंथांवर. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

पुढे 1872 चा पुरावा कायदा आला. त्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचा. त्याच्या कलम 60 नुसार तोंडी साक्ष स्वतः पाहिल्या-ऐकल्याचीच लागत असे. तज्ज्ञांच्या मताला कलम 45 मध्ये जागा मिळाली.

कोर्टाबाहेर एक निराळाच पुरावा 1897 च्या प्लेगात पुढे आला. प्लेगवरची लस बनवणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यातून ती सोसते एवढंच कळलं. प्लेग टळतो का, हे एका माणसावरून ठरणार नव्हतं. मग भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली आणि न घेतलेल्यांशी ताडून पाहिलं. कोठडी तीच, अन्न तेच, साथही तीच. लस घेतलेल्यांत लागण बरीच कमी निघाली. इथे कुणाच्या शब्दावर विसंबायचं नव्हतं, मोजून पाहायचं होतं.

1872 च्या कायद्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर कलम 63 प्रमाणे, ती कुठल्या यंत्रातून कशी निघाली याचं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मात्र मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पुढे केला की तेवढ्यावर भागतं.