मँक्स भाषा १९७४ मध्ये मेली? नाही हो!

आयरिश आणि स्कॉटिश गेलिकची बहीण म्हणजे आइल ऑफ मॅन बेटावरची मँक्स, आणि तिच्याबद्दल सगळीकडे एकच फिरतंय की १९७४ ला नेड मॅड्रेल वारले आणि भाषा संपली. अर्धंच खरंय हे. लहानपणापासून मँक्स बोलणारे ते शेवटचे, मान्य, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तरुण मंडळी त्यांच्यासारख्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसायची, रेकॉर्डिंग करायची, त्यांच्याच तोंडून शिकायची. २००१ पासून तर तिथे मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा आहे! २००९ मध्ये युनेस्कोने भाषा नामशेष म्हटली तेव्हा याच शाळेतल्या पोरांनी पत्रं पाठवली, मँक्समधूनच, की मग आम्ही लिहितोय ती कोणती भाषा? युनेस्कोला तो शेरा बदलावा लागला.