पुरात, पडझडीत डोक्याला मार लागला असेल तर: नाशिकमध्ये मदत आणि दिव्यांग प्रमाणपत्र कसं मिळवायचं

गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावर नाशिककर पूर मोजतात. पूर ओसरला की घरं, दुकानं, जनावरं यांचे पंचनामे होतात. भिंत अंगावर कोसळलेला माणूस मात्र शुद्धीवर येऊन घरी आला की सगळ्यांना वाटतं, सुटला. विसरणं, चिडणं, तोल जाणं पुढे हळूहळू लक्षात येतं आणि तोवर कागद जमवणं अवघड झालेलं असतं.

म्हणून पहिला कागद दवाखान्यातला. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘पडून मार’ लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना विनंती करून ‘पुरात भिंत कोसळून डोक्याला मार’ असं कारण लिहून घ्या. दाखल केलं तेव्हाचा, शुद्ध किती आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचा आकडा (3 ते 15, 8 किंवा कमी म्हणजे गंभीर इजा) आणि सीटी स्कॅनचा रिपोर्टही जपून ठेवा. त्याच दिवसांत तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना कळवा आणि पंचनाम्यात जखमीचं नाव आल्याची खात्री करा.

मदतीचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा. आपत्ती मदतीच्या 2022-26 च्या निकषांनुसार आठवड्यापेक्षा जास्त दिवस दाखल राहावं लागलं तर 16,000 रुपये, कमी दिवसांसाठी 5,400 रुपये. आयुष्मान भारतमधून उपचार झाले असतील तर ही रक्कम मिळत नाही. हात, पाय किंवा डोळे निकामी होऊन 40 ते 60 टक्के अपंगत्व आलं तर 74,000 आणि 60 टक्क्यांच्या वर अडीच लाख. त्यासाठी अपंगत्व किती आणि कशामुळे, हे सरकारी डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. मेंदूच्या इजेने एक बाजू लुळी पडली असेल तर अर्जात नेमकं तेच मांडा. आधार, बँक पासबुक आणि पंचनाम्याची प्रत सोबत लावा.

दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि उपचारांचे कागद लागतात. तपासणीसाठी त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत ‘मेंदूची इजा’ हे नाव नाही. इजेचे परिणाम वेगवेगळ्या प्रकारांत मोजतात: लुळेपणा अस्थिव्यंगात, बोलणं अडखळणं वाचा-भाषा दोषात, वागण्यातला बदल मानसोपचारतज्ज्ञांकडे. फक्त हातापायांची तपासणी करून परत आलात तर उरलेलं नोंदलंच जात नाही. रुग्णाला स्वतःची अडचण सांगता येईलच असं नाही. दिवसभर त्याच्यासोबत असणाऱ्या माणसानेच बरोबर जावं आणि काय काय बिघडतं ते कागदावर लिहून न्यावं: गॅस बंद करायचा राहतो, घराचा रस्ता चुकतो, रात्रभर झोप नाही.

सुधारणेची शक्यता असेल तर मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपण्याआधी फेरतपासणी करा. फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीच्या नोंदी तेव्हा कामी येतात, त्यामुळे उपचार मध्येच सोडू नका. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. त्यावर अपील करता येतं.

40 टक्के किंवा जास्त अपंगत्व, वय 18 ते 65, महाराष्ट्रात 15 वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही करा. तोही तहसीललाच द्यायचा. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून आधीच काढून ठेवा.