मॉन्टाल्चिनो

मॉन्टाल्चिनो हे मध्य इटलीतील टस्कनी प्रदेशाच्या सिएना प्रांतातले तटबंदीचे डोंगरी गाव. सिएना शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किमी.वर, ५६४ मी. उंचीच्या टेकडीवर ते वसले आहे. ओम्ब्रोने, आसो आणि ओर्चा या नद्यांची खोरी टेकडीच्या भोवती पसरलेली असून दक्षिणेला १,७३८ मी. उंचीचा आमियाता पर्वत दिसतो. लोकसंख्या साडेपाच-सहा हजारांच्या घरात. ‘ब्रुनेल्लो दी मॉन्टाल्चिनो’ या रेड वाइनमुळे या छोट्या गावाचे नाव जगभर झाले आहे. मात्र गाव हजार-बाराशे वर्षांचे आणि ही वाइन जेमतेम दीडशे वर्षांची, हे सुरुवातीलाच सांगायला हवे. दोन्हींचे वय एकच समजण्याची चूक फार वेळा होते.

लॅटिन दस्तऐवजांतील ‘मोन्स इल्चीनुस’ या नावाचा संबंध सहसा इलेक्स म्हणजे सदाहरित ओकच्या झाडाशी जोडला जातो. गावाच्या मानचिन्हावरही हेच झाड आहे. इ.स. ८१४ मध्ये सम्राट लुई द पायस याने हा मुलूख जवळच्या सान्तांतिमो मठाला दिल्याची नोंद आढळते. गावाच्या दक्षिणेला ऑलिव्हच्या बागांमध्ये उभे असलेले या मठाचे बाराव्या शतकातील चर्च टस्कनीतील रोमनेस्क (जाड भिंती आणि गोल कमानींच्या मध्ययुगीन) वास्तुकलेचा अतिशय देखणा नमुना आहे. त्याच्या दगडात अलाबास्टरसारखा अर्धपारदर्शक दगडही वापरला असल्याने ऊन आत आले की खांबांची शीर्षे मधासारखी उजळतात. पुढे सिएना आणि फ्लॉरेन्स यांच्या झगड्यात मॉन्टाल्चिनो सापडले. १२६० मध्ये मोन्तापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लॉरेन्सचा पराभव केला आणि गाव सिएनाच्या ताब्यात आले. दक्षिण टोकावरचा पंचकोनी किल्ला सिएनाने १३६१ मध्ये बांधला. जुन्या तटाचे बुरूज त्यात तसेच सामावून घेतले आहेत.

गावाच्या इतिहासातील खरा मानाचा काळ सोळाव्या शतकातला. १५५३ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजांनी घातलेला वेढा मॉन्टाल्चिनोने परतवला. एप्रिल १५५५ मध्ये खुद्द सिएना पडले, तेव्हा शरणागती नाकारणारी शेकडो कुटुंबे चालत येथे आली. त्यांनी याच टेकडीवर सिएनाचे प्रजासत्ताक पुन्हा थाटले, फ्रान्सच्या पाठिंब्यावर चार वर्षे कारभार केला आणि ‘मोन्ते इलिचिनोमधील सिएना प्रजासत्ताक’ असा मजकूर कोरलेली नाणीही पाडली. राजधानी गेली तरी राज्य गेले नाही, एवढे त्या नाण्यावरचे चार शब्द सांगतात. १५५९ च्या कातो-कांब्रेझी तहाने फ्रान्सचा आधार गेला आणि गाव फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो दे मेदिची याच्याकडे गेले. सिएनाच्या पालिओ या घोड्यांच्या शर्यतीआधी निघणाऱ्या मिरवणुकीत मॉन्टाल्चिनोच्या निशाणाला आजही मानाचे स्थान मिळते ते याच निष्ठेपोटी.

त्यानंतरची तीन-चार शतके ओढगस्तीची होती. जमीन मोजक्या मालकांची, कसणारे अर्धेलीने. या काळात गावाची ख्याती होती ती मोस्काडेल्लो या गोड, सोनेरी वाइनची. १६८५ मध्ये फ्रान्चेस्को रेदी या वैद्य-कवीने कौतुक केले तेही तिचेच. एकोणिसाव्या शतकात क्लेमेंते सांती यांनी स्थानिक लाल द्राक्षावर प्रयोग सुरू केले. १८६९ मध्ये कृषी प्रदर्शनात त्यांच्या १८६५ च्या ‘ब्रुनेल्लो’ला पारितोषिक मिळाले. त्यांचे नातू फेरुच्चो ब्योंदी सांती हे गॅरिबाल्डीच्या सैन्यात लढून आलेले. त्यांनी इल ग्रेप्पो या मळ्यात निवडक वेलींपासून रोपे तयार केली आणि दुसऱ्या द्राक्षाचा मेळ न घालता, केवळ त्याच एका द्राक्षाची, वर्षानुवर्षे टिकणारी वाइन केली. १८८८ च्या हंगामातील त्यांची वाइन ब्रुनेल्लोच्या इतिहासात मैलाचा दगड मानली जाते. ब्रुनेल्लो ही वेगळी जात असल्याचा पूर्वी समज होता. प्रत्यक्षात ते टस्कनीभर पिकणारे सांजोवेझे हे लाल द्राक्षच, या भागात रुळलेले.

येथेच त्याचा दर्जा का साधतो याचे उत्तर जमिनीत आणि हवेत आहे. गालेस्त्रो या ठिसूळ, चटकन फुटणाऱ्या खडकात पाणी साचत नाही. आमियाताची भिंत गारपीट आणि वादळे बऱ्याच अंशी अडवते, समुद्राकडून येणारा वारा घड कोरडे ठेवतो. उत्तर उतारावरचे द्राक्ष उशिरा पिकते, दक्षिणेकडचे लवकर. घडांची विरळणी कटाक्षाने करतात, कारण हेक्टरी ८ टनांपेक्षा जास्त उत्पादन नियमात बसत नाही. वाइन किमान दोन वर्षे ओकच्या पिंपात मुरते आणि काढणीनंतरच्या पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीपर्यंत बाजारात येत नाही. ‘रिसेर्व्हा’साठी आणखी एक वर्ष. एवढा काळ माल अडकून पडणे लहान शेतकऱ्याला जड जाते. म्हणून त्याच द्राक्षाची, लवकर विकता येणारी ‘रोस्सो दी मॉन्टाल्चिनो’ ही त्याच्या संसाराची सोय ठरते.

१९६६ मध्ये ब्रुनेल्लोला नियंत्रित उगमनामाचा दर्जा मिळाला, १९६७ मध्ये उत्पादकांचा संघ स्थापन झाला आणि १९८० मध्ये इटलीतील सर्वोच्च दर्जा मिळालेल्या पहिल्या वाइनमध्ये तिचा समावेश झाला. परदेशी भांडवल आले, मळ्यांच्या किमती आकाशाला भिडल्या. आज ब्रुनेल्लोखाली सुमारे २,१०० हेक्टर आहे. तरीही गावच्या हद्दीतील जवळजवळ निम्मी जमीन जंगलाखाली राहिली, ही समाधानाची बाब. २००८ मध्ये काही उत्पादकांनी इतर द्राक्षे मिसळल्याच्या संशयावरून चौकशी झाली आणि गावाची झोप उडाली. नियम सैल करण्याचा सोपा मार्ग समोर असताना उत्पादकांनी बहुमताने शंभर टक्के सांजोवेझेचाच आग्रह कायम ठेवला. माझ्या मते गावाच्या अलीकडच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय.

पियाझ्झा देल पोपोलो या चौकात उंच, सडपातळ मनोऱ्याची जुनी नगरपालिका उभी आहे. तिच्या भिंतीवर १९९२ पासून प्रत्येक हंगामाची एक चिनी मातीची फरशी बसवली जाते. प्रत्येकीवर वेगळे चित्र आणि खाली साल. पूर्वी त्या सालच्या पिकाचा दर्जा सांगणारे तारेही असत, जास्तीत जास्त पाच. पावसाने बिघडलेले २००२ साल दोनच तारे घेऊन त्या रांगेत आहे. ते झाकलेले नाही. ऑक्टोबरच्या शेवटी ‘साग्रा देल तोर्दो’ उत्सवात बोर्गेत्तो, पियानेल्लो, रुगा आणि त्राव्हालियो या चार मोहल्ल्यांचे धनुर्धारी किल्ल्याजवळ चुरशीने उतरतात. पंगतीत पिंची असते, म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया. ओर्चा खोऱ्याला २००४ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात मॉन्टाल्चिनोचाही भाग येतो.

सांजोवेझेची लागवड महाराष्ट्रातही झाली आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ, इटालियन भागीदारीतून उभ्या राहिलेल्या बागांत हे द्राक्ष घेतले जाते; तेथे ते काही वाइनमध्ये काबेर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच लाल द्राक्षाबरोबर मिसळूनही वापरतात.