बॉम्बरमॅनचा डाव

बॉम्बरमॅनचा डाव : टीव्हीला जोडलेल्या खेळयंत्रावर बॉम्बरमॅन हा जपानी व्हिडिओ गेम चार-सहा जणांनी एकत्र जमून खेळण्याची रीत. ‘डाव’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. विटीदांडू, लगोरी आणि पत्ते यांच्याप्रमाणे या खेळालाही सांगली व सातारा जिल्ह्यांत पाळी, भिडू, रडी ही जुनी परिभाषा चिकटली. खेळ यंत्रातला असला तरी डाव यंत्राबाहेरच्या नियमांनी चालत आला. बॉम्ब ठेवायचा, आडोशाला पळायचे, विटा फोडायच्या आणि शत्रूला उडवायचे, हे खेळाचे स्वरूप सर्वपरिचित आहे.

उत्पत्ती : हा खेळ जपानमधील साप्पोरो येथील हडसन सॉफ्ट या कंपनीचा. कुदो बंधूंनी १९७३ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचे नाव हडसन जातीच्या वाफेच्या इंजिनावरून ठेवलेले आहे. संस्थापकांना रेल्वेचे वेड होते. एकेकाळी तिन्ही गेजच्या गाड्या पाहिलेल्या मिरजेच्या वाचकाला हे वेड वेगळे समजावून सांगायला नको.

खेळाचा पहिला अवतार कोणता मानावा, याविषयी एकमत नाही. युजी तानाका आणि शिगेकी फुजिवारा यांनी हडसनच्या बेसिक संगणकभाषेच्या साधनाचे प्रात्यक्षिक म्हणून एक छोटा खेळ रचला आणि त्यातून बॉम्बरमॅन जन्मला, असे सांगितले जाते. काही जण हे प्रात्यक्षिक १९८० इतके मागे नेतात. मात्र विक्रीस आलेला पहिला खेळ १९८३ चा असून तो जपानी घरगुती संगणकांसाठी होता. त्याच्या नावाचा अर्थ ‘बॉम्बवाला माणूस’ असा होतो. पुढच्याच वर्षी तो युरोपात ‘एरिक अँड द फ्लोटर्स’ या नावाने गेला. त्यात टोपी घातलेला एक माणूस फुग्यांपासून जीव वाचवत पळतो. आज ओळखीचा असलेला गोलमटोल पांढरा बाहुला त्यात नाही. तो आला डिसेंबर १९८५ मध्ये, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी काढलेल्या आवृत्तीत. ही आवृत्ती शिनिची नाकामोतो यांनी अवघ्या तीन दिवसांत लिहिली, अशी आख्यायिका आहे. बाहुल्याचे रूप हडसननेच फॅमिकॉमवर आणलेल्या लोड रनर या खेळातील शत्रू-यंत्रमानवाचे आहे. जमिनीखाली बॉम्ब बनवणारा हा यंत्रमानव ५० मजले पार करून वर आला की माणूस होतो, अशी या आवृत्तीची कथा. प्रात्यक्षिकाची तारीख खरी मानली तरी त्यावरून खेळाचे वय मोजणे फारसे उपयोगाचे नाही. १९८३ हे वर्ष खेळाचे आणि १९८५ हे रूपाचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती १९८५ ची फॅमिकॉम आवृत्ती, कारण सांगली-साताऱ्याकडे तीच पोहोचली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. फॅमिकॉमची ही आवृत्ती एकट्याने खेळायची आहे. दोन रिमोट (खेळण्यासाठी हातात धरायचे, वायरने जोडलेले बटणांचे यंत्र) जोडले तरी दुसऱ्या खेळाडूला त्यात जागा नाही. एकाच वेळी अनेकांनी खेळायची सोय ठळकपणे आली ती १९९० मध्ये, पीसी इंजिन या यंत्रावर. या यंत्राला रिमोट जोडण्याचे भोक एकच होते. त्यामुळे त्यासाठी पाच जोडण्यांचा वेगळा डबा निघाला, आणि पाच जणांनी एकमेकांना उडवायचा प्रकार लोकप्रिय झाला. फॅमिकॉमवर तिघांची सोय १९९१ च्या बॉम्बरमॅन २ मध्ये झाली. १९९३ मध्ये सुपर बॉम्बरमॅन चार जणांसाठी आला आणि १९९६ च्या सॅटर्न यंत्रावरील आवृत्तीत दहा जणांपर्यंत मजल गेली. सामूहिक बॉम्बरमॅनचा आरंभ म्हणून सामान्यतः १९९० हेच वर्ष दिले जाते. यंत्रापुरते ते बरोबर आहे. पण कृष्णाकाठी हा खेळ सामूहिक झाला तो एकट्याने खेळायच्या कॅसेटवरच (यंत्रात घालायच्या खेळाच्या खोक्यावरच).

यंत्र आणि वेग : १९९० च्या दशकात भारतात घरोघरी आलेली बहुतेक यंत्रे मूळ फॅमिकॉम नव्हती, तर त्याच्या नकला होत्या. ‘समुराई’ आणि ‘लिटल मास्टर’ ही त्यांतली लक्षात राहिलेली नावे. मूळ यंत्रातील दोन मुख्य चिपांच्या नकला तैवानमध्ये, मुख्यतः यूएमसी या कंपनीत, तयार झाल्या. पुढे सगळे काम एकाच चिपमध्ये मावू लागले आणि तिच्यावर काळ्या लाखेसारखा गोळा दिसू लागला. कॅसेटला ६० पिना असत, कारण नकला जपानी यंत्राच्या होत्या. अमेरिकेत विकल्या गेलेल्या यंत्राच्या कॅसेटला ७२ पिना असल्याने परदेशातून नातेवाइकाने आणलेली कॅसेट इकडच्या यंत्रात बसत नसे.

वेगाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. जपानी टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रेखाटतो, भारतीय पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. फॅमिकॉमचे खेळ काळ मोजतात तो चित्रांच्या संख्येवर, घड्याळावर नव्हे. त्यामुळे भारतीय टीव्हीसाठी जुळवलेल्या यंत्रावर तोच खेळ मूळच्या पाच-षष्ठांश वेगाने चाले. बॉम्बची वात अधिक वेळ जळे, बाहुला सावकाश पळे. मजल्याच्या सुरुवातीला २०० पासून उलटे मोजणारे घड्याळही त्याच हिशोबाने रेंगाळत उतरे. संगीताचे मात्र वेगळे होते. निन्टेन्डोच्या अधिकृत युरोपीय यंत्रात प्रक्रियकाचा (प्रोसेसरचा) वेग १.६६ मेगाहर्ट्झपर्यंत उतरवला होता, म्हणून तेथे सूरही खाली येत. तैवानी नकलांत तो सुमारे १.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे जपानी यंत्राच्या १.७९ च्या अगदी जवळ होता. त्यामुळे सूर जवळजवळ जागेवर राही आणि लय तेवढी विलंबित होई. लहानपणी हा खेळ खेळलेल्या माणसाला आज मूळ वेगाने तो दाखवला तर ‘हा पळवलाय’ असे तो म्हणतो, त्याचे कारण हेच. त्याच्या बोटांनी बॉम्बपासून दूर होण्याचा जो हिशोब पाठ केलेला असतो, तो सेकंदाला ५० चित्रांचा असतो.

‘कॅसेट’ हा शब्द : खेळाच्या खोक्याला मराठीत सर्रास कॅसेट म्हणतात, वास्तविक त्यात फीत नसते. याची दोन स्पष्टीकरणे संभवतात. जपानीतही फॅमिकॉमच्या खोक्याला कॅसेट याच अर्थाचा उसना शब्द रूढ होता आणि तो मालाबरोबर इकडे आला, हे एक. घरात आधीच गाण्यांच्या आणि व्हिडिओच्या कॅसेटी असल्याने तशाच आकाराच्या, तशाच खाचेत बसणाऱ्या वस्तूला तेच नाव मिळाले, हे दुसरे. पहिले आकर्षक आहे, पण दुसरे पुरेसे वाटते. खोक्यावर ‘९९९९९९ इन १’ असा आकडा असला तरी आत मोजकेच खेळ वेगवेगळ्या क्रमांकांनी पुन्हा पुन्हा येत.

डावाची रीत : उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत ज्याच्या घरी यंत्र, त्याच्या घरी डाव पडे. आधी टीव्हीचे चॅनल फिरवून मुंग्या जाईपर्यंत सूर जुळवायचा, मग कॅसेटच्या पिनांवर फुंकर मारायची. (फुंकरीने काम होते ते धुळीपेक्षा कॅसेट काढून पुन्हा घट्ट बसवल्यामुळे. श्वासातल्या ओलाव्याने पिना उलट गंजतात.) पहिला कोण, हे हात उलटसुलट टाकून चकून ठरे. त्यानंतर ‘एक लाइफ, एक पाळी’ हा नियम. बाहुला उडाला की रिमोट पुढच्याच्या हातात. मजला पार केला तर काही ठिकाणी पाळी चालू राही, काही ठिकाणी बदले. ज्याच्या घरचा टीव्ही, त्याला एक पाळी जास्त, ही सूट भांडणाशिवाय मिळत नसे.

ज्यांची पाळी नसे तेही खेळातच असत. प्रत्येक मजल्यात कोणत्यातरी विटेखाली एक दार आणि दुसऱ्या एका विटेखाली एक शक्ती दडलेली असते. उघड्या पडलेल्या दारावर स्फोट झाला तर त्यातून नवे शत्रू बाहेर पडतात. म्हणून एक जण खेळे आणि पाच जण ‘दारावर नको फोडू!’ म्हणून ओरडत. सल्ला चुकला तर सल्लागाराला बोल लागे. स्वतःच्याच बॉम्बमध्ये कोंडून मेलेला ‘बटण अडकले’ म्हणे, त्यावर ‘रडीचा डाव खडी’ हे ठरलेले उत्तर होते. खेळ थांबवण्याच्या बटणालाही नवे नाव लागले नाही. ते बटण म्हणजे ‘टाइमप्लीज’.

कच्चे लिंबू : या रीतीतील सर्वांत जपण्यासारखी गोष्ट म्हणजे लहान भावंडाची सोय. मैदानी खेळांत ज्याच्यावर राज्य येत नाही अशा लहानग्याला कच्चे लिंबू म्हणतात. बॉम्बरमॅनच्या डावात कच्च्या लिंबाच्या हाती दुसरा रिमोट दिला जाई. वर सांगितल्याप्रमाणे या कॅसेटमध्ये दुसऱ्या रिमोटला कामच नाही. कधी तर त्याची वायर यंत्राला जोडलेलीही नसे. लहानगा पडद्याकडे बघत मनापासून बटणे दाबत राही आणि मजला पार झाला की ‘आपण केला’ म्हणे. त्याला खरे सांगायचे नाही, हा नियम कोणी लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला सहसा दिसत नसे.

या संदर्भात जपानी परंपरेतील एक साम्य लक्षणीय आहे. १९९० च्या दशकातील बॉम्बरमॅनच्या काही आवृत्त्यांत उडालेला खेळाडू बाद होऊन बसत नाही. तो मैदानाच्या कडेवरून आत बॉम्ब फेकत राहतो आणि नेम लागला तर काही वेळा परतही येतो. या अवस्थेला जपानीत ‘मिसोबॉन’ म्हणतात. हे नाव ‘मिसोक्कासु’ या शब्दावरून आले असावे, आणि त्या शब्दाचा खेळातला अर्थ नेमका कच्चे लिंबू असाच आहे. दोन्हीकडे मुलांच्या गल्लीतली समजूत एकाच जागी पोहोचलेली दिसते.

एकत्र खेळ : पुढे संगणक आणि वसतिगृहांतील संगणकजाळी आल्यावर एकाच वेळी खेळायच्या आवृत्त्या या भागात पोहोचल्या. १९९७ च्या ॲटॉमिक बॉम्बरमॅनमध्ये दहा जण खेळू शकत. सामूहिक खेळाचे रूढ मैदान १३ आडव्या आणि ११ उभ्या घरांचे असते. त्यातील ३० घरांत न फुटणारे खांब असल्याने हालचालीला ११३ घरे उरतात. चार कोपऱ्यांत चार जण उभे राहतात. विटा फुटेपर्यंत कोणी कोणाला दिसूनही गाठू शकत नाही, म्हणून पहिला भाग शांततेत जातो. वाटा मोकळ्या झाल्या की बॉम्ब हे मारण्याचे साधन उरत नाही, वाट अडवण्याचे होते. उत्तम खेळाडू शत्रूवर बॉम्ब टाकत नाही, त्याच्या परतीच्या घरात टाकतो. अनेक आवृत्त्यांत वेळ संपत आली की कडेपासून दगड पडत मैदान आक्रसत जाते.

भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे सांगलीची ओळख बुद्धिबळाचे गाव अशी आहे, तेव्हा तुलना सुचणे स्वाभाविक. राजाची घरे एकेक करून काढून घेण्याची दृष्टी दोन्हींत आहे. फरक असा की येथे सगळे एकाच वेळी चालतात, आणि स्वतः मांडलेला डाव स्वतःवरही उलटतो.

संकेताक्षरे आणि भारनियमन : फॅमिकॉम आवृत्तीत खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. त्याऐवजी २० अक्षरांचा संकेत पडद्यावर येई आणि तो पुन्हा भरला की तेथूनच खेळ सुरू करता येई. हे संकेत वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने उतरवलेले असत. ‘डी’ आणि ‘ओ’ यांतला फरक न कळल्याने चाळीस मजल्यांचे श्रम वाया गेल्याची उदाहरणे अनेकांच्या स्मरणात आहेत. २००० नंतरच्या दशकात भारनियमन वाढले तेव्हा या पानाचे मोल वाढले. वीज जाण्याच्या वेळेच्या पाच मिनिटे आधी मुद्दाम मरून संकेत उतरवून घेणे, ही ग्रामीण भागातील खास युक्ती होती.

सद्यःस्थिती : १ मार्च २०१२ रोजी हडसन सॉफ्ट कंपनी कोनामी या जपानी खेळकंपनीत विलीन झाली. कोनामीने २०१७ पासून सुपर बॉम्बरमॅन आर ही मालिका चालवली. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत सांगलीच्या तळमजल्यांत पाणी शिरले, त्यात माळ्यावर न ठेवलेली जुनी यंत्रे गेली. कॅसेटी मात्र चिवट निघतात. २०१९ नंतर प्रस्तुत नोंदलेखकाने पाहिलेल्या एका कॅसेटच्या खोक्यात वाळलेला गाळ होता. आतली पट्टी स्वच्छ पाण्याने धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून, पिना खोडरबराने घासल्यावर पडद्यावर खेळांची यादी आली. रंग किंचित उडालेले होते, संगीत पूर्ण होते.

आजच्या चपट्या टीव्हीवर बटण दाबल्यानंतर चित्र हलण्यात किंचित विलंब होतो, त्यामुळे जाणते खेळाडू जुना काचेचा टीव्ही राखून असतात. दिवाळीत पुण्या-मुंबईहून गावी आलेले चाळिशीतले मित्र एकत्र जमतात तेव्हा आता चार रिमोट लागतात आणि चौघे एकाच वेळी खेळतात. चौथा रिमोट बहुधा कोणाच्या तरी सहा-सात वर्षांच्या मुलीकडे असतो. ती अजून कच्चे लिंबूच असते, पण तिच्या रिमोटची वायर जोडलेली असते.