गाडी पोटाला नाही, कानाला लागते

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून चिपळूणला निघालो होतो. भावाची आठ वर्षांची मुलगी मागच्या सीटवर, हातात मोबाईल. उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो तरी पोरीचा आवाज नाही, त्यामुळे मोठी माणसं निवांत. हेळवाक मागे पडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर ती बारीक आवाजात म्हणाली, "आत्या, कसंतरी होतंय." चेहरा पांढरा पडलेला, वरच्या ओठावर घामाचे थेंब. गाडी कडेला घेईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. मग गाडीत एकच चर्चा, सकाळची मिसळ तिला द्यायलाच नको होती.

मिसळीवर अन्याय झाला. तुडुंब पोटाने त्रास वाढतो हे खरं, पण गाडी लागण्याची सुरुवात पोटात होत नाही. ती कानात होते. आणि मुलं गप्प बसावीत म्हणून आपण जो मोबाईल देतो, तोच घाटात त्यांना सगळ्यात जास्त छळतो. हे एकदा नीट समजलं की लांबच्या प्रवासात मुलांना कशात रमवायचं, हा प्रश्न निम्मा सुटतो.

स्टीलच्या वाटीत पाणी घ्या, त्यावर कोथिंबिरीचं एक पान सोडा. वाटी ओट्यावर ठेवून झटकन गोल फिरवा. वाटी फिरेल, पान जवळपास जागीच राहील. पाणी आळशी असतं. भांडं फिरलं तरी ते लगेच फिरत नाही. आपल्या आतल्या कानात अशाच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा एकमेकींना काटकोनात भेटतात, साधारण तशा त्या एकमेकींशी बसवलेल्या असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे राहतो आणि वाटेतल्या जेलीसारख्या पडद्याला रेटतो. पडद्यात रोवलेल्या पेशींचे सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो की डोकं वळलं.

आता वाटी सारखी फिरवत राहा. काही फेऱ्यांनी पाणीही वाटीबरोबर फिरू लागतं. अचानक थांबवा. वाटी थांबली, पान फिरतंच आहे. फुगडी सोडल्यावर अंगण फिरताना दिसतं ते याच कारणाने. पाय थांबलेले असतात, कानातलं पाणी थांबलेलं नसतं.

पण या नळ्यांना फक्त वळणं कळतं. गाडीने वेग घेतला, ब्रेक लागला, डोकं कलतं झालं, हे सांगणारे अवयव वेगळे. प्रत्येक कानात दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे पसरलेले असतात, म्हणजे अंड्याचं कवच ज्याचं असतं तोच पदार्थ. गाडीने वेग घेतला की हे जड खडे मागे रेंगाळतात आणि खालचे केस वाकवतात. डोकं मागे कललं तरी खडे उताराने घसरतात आणि तेच केस तसेच वाकतात. गोम इथे आहे. वेग वाढला आहे की डोकं मागे कललं आहे, हे खड्यांना एकट्याने ओळखताच येत नाही. हा कानाचा दोष म्हणता येत नाही. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांत बंद पेटीच्या आत बसून फरक करता येत नाही, हा विचार 1907 मध्ये आइन्स्टाईनला सुचला आणि त्यातूनच पुढे सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत उभा राहिला. आपल्या कानातले खडे त्याच पेटीत बसलेले आहेत.

घाटातलं एक वळण घ्या. त्रिज्या 25 मीटर, गाडीचा वेग ताशी 30 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 8.3 मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की त्वरण येतं, जवळपास 2.8 मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाकर्षणाचे 9.8 खाली आणि हे 2.8 आडवे, दोन्हींची बेरीज खड्यांना एकच तिरकी ओढ म्हणून जाणवते, सरळ खालच्या दिशेपासून साधारण 16 अंश कललेली. म्हणजे खडे सांगतात, जमीन 16 अंशांनी कलली. नळ्या म्हणतात, आपण वळतोय. या दोन निरोपांतून खरं 'खाली' कुठे आहे ते मेंदू शोधू लागतो आणि साक्षीसाठी डोळ्यांकडे वळतो. मूल खिडकीबाहेर बघत असेल तर डोळे सांगतात, हो, वळण आहे, डोंगर डावीकडे सरकला. हिशेब जुळतो. मूल मोबाईल बघत असेल तर डोळे म्हणतात, कुठे काय? सगळं जागच्या जागी आहे. तीन साक्षीदार, तीन जबान्या.

या विसंगतीतून मळमळ होते, ही मांडणी जेम्स रीझन आणि जोसेफ ब्रँड या संशोधकांनी 1975 मध्ये सविस्तर केली. कानाचा हात त्यात किती मोठा, याचा एक पुरावा मला फार आवडतो. अमेरिकेच्या नौदलाने आणि पुढे नासाने अंतराळप्रवासाच्या तयारीसाठी बहिऱ्यांसाठीच्या गॅलाउडेट कॉलेजमधले 11 बहिरे पुरुष प्रयोगांसाठी निवडले होते. त्यांतल्या बहुतेकांचं ऐकणं लहानपणी मेंदूज्वरात गेलं होतं आणि त्याबरोबर तोल सांभाळणारा आतला कानही निकामी झाला होता. नोव्हा स्कॉशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीतून नेलं. ते मजेत पत्ते खेळत बसले. त्यांची तपासणी करायला आलेल्या संशोधकांनाच बोट इतकी लागली की प्रयोग रद्द करावा लागला.

जबान्या जुळल्या नाहीत तर उलटीच का व्हावी? मानसशास्त्रज्ञ मिशेल ट्राइझमन यांनी 1977 मध्ये सुचवलं की विषबाधेतही असाच गोंधळ उडतो, म्हणून मेंदू खबरदारी म्हणून पोट रिकामं करतो. कल्पना सुंदर आहे, पण तिच्यावर अजून वाद आहेत.

हालचालीची लयही महत्त्वाची असते. साधारण पाच सेकंदांत एक, असे संथ हेलकावे सर्वांत वाईट. खड्ड्यांतून आदळत जाणाऱ्या गाडीत कंबर मोडते, पण मळमळ तेवढी होत नाही. वळणामागून वळण घेत, मध्येच ब्रेक दाबत जाणारी गाडी नेमकी त्या घातक लयीत सापडते. त्रास सहसा दोन ते बारा या वयात जास्त होतो.

आपल्याकडे यावर उपाय म्हणून पोटाला शर्टाच्या आतून वर्तमानपत्राचा कागद लावतात, गाडीवरचा विद्युतभार जमिनीत उतरावा म्हणून गाडीखाली लोंबती रबरी पट्टी बांधतात. कागद कानापर्यंत पोचत नाही आणि गाडीवरच्या विद्युतभाराचा या त्रासाशी काही संबंध नाही. कागद लावून मूल डोळे मिटून झोपलं तर बरं वाटतं, पण ते श्रेय मिटलेल्या डोळ्यांचं आणि टेकवलेल्या डोक्याचं. महागड्या उपायांनाही हीच कसोटी लावावी. अ‍ॅपलने 2024 मध्ये फोनवर एक सोय जाहीर केली, गाडी वळली की स्क्रीनच्या कडेला ठिपके सरकतात. तत्त्व बरोबर आहे, डोळ्यांना कानाशी जुळणारी खबर मिळते. पण तीच खबर शेजारच्या खिडकीत फुकट आहे. औषध द्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून. यासाठी सर्रास वापरलं जाणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत.

म्हणून प्रवासातले खेळ खिडकीबाहेरचे हवेत. आमच्याकडे आता घाटात 'ड्रायव्हर-ड्रायव्हर' चालतो. हातात जेवणाचं ताट, तेच स्टिअरिंग. समोरच्या काचेतून रस्ता बघायचा, वळण येण्याआधी "डावं!" किंवा "उजवं!" म्हणून ओरडायचं आणि त्या बाजूला डोकं झुकवायचं. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढे काय होणार हे त्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असतं. शिवाय तो वळणाच्या आतल्या बाजूला डोकं कलवतो, तर बाकीचे बाहेर फेकले जातात. जपानी संशोधकांनी प्रवाशांना मुद्दाम चालकासारखं डोकं कलवायला लावलं, तेव्हा त्यांचा त्रास कमी झाला. मूल बुटकं असेल तर त्याच्या मापाच्या उंच आसनावर बसवा, नाहीतर त्याला दिसते ती फक्त पुढच्या सीटची पाठ. समोरचं दिसावं म्हणून पुढे मात्र बसवू नका; तिथल्या एअरबॅगचा हिशेब मोठ्या माणसाच्या शरीराचा असतो.

सरळ हायवेवर बाटलीचा खेळ. पाण्याची बाटली जवळपास काठोकाठ भरा, सुपारीएवढा बुडबुडा राहू द्या आणि ती सीटवर गाडीच्या दिशेने आडवी ठेवा. गाडीने वेग घेतला की बुडबुडा मागे जाईल असं सगळे सांगतात. तो पुढे पळतो! जड पाणी मागे रेटलं जातं आणि हलक्या बुडबुड्याला पुढे सारतं. कानातल्या खड्यांची गोष्ट मुलांना इथे डोळ्यांनी दिसते. घाट आला की बाटली मात्र बाजूला, कारण खाली बघायचं नाही. मोठ्या मुलांना किलोमीटरचे दगड द्या. राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या डोक्याचे, राज्य महामार्गावर हिरव्या. दोन दगडांमधले सेकंद मोजायचे आणि 3600 ला त्या आकड्याने भागायचं. 45 सेकंद लागले तर वेग ताशी 80.

आठवड्याने परत निघालो तेव्हा कुंभार्ली चढता चढता अंधार पडला. आकाशात अर्धा चंद्र. भाचीने तोच प्रश्न विचारला जो मीही कधीतरी विचारला होता, हा आपल्याबरोबर का येतो? ताशी 72 किलोमीटर वेगाने जाताना दहा मीटरवरचं झाड सेकंदात नजरेआड होतं, दोन किलोमीटरवरचा डोंगर सेकंदाला जेमतेम अर्ध्या अंशाने सरकतो, म्हणजे चंद्राच्या रुंदीएवढा. आणि चंद्र स्वतः 3,84,000 किलोमीटरवर. गाडी कितीही पळाली तरी तो हलत नाही. तो फक्त गाडी वळली की हलतो, म्हणजे कानातल्या त्या तीन नळ्यांना जे कळतं नेमकं तेवढंच तो डोळ्यांना दाखवतो. हे सांगितल्यावर ती काचेला नाक लावून बसली. वळण आलं, चंद्र डाव्या खिडकीतून समोरच्या काचेत आला. पुढच्या वळणावर उजव्या खिडकीत गेला. घाटमाथ्यावर हेळवाकचे दिवे दिसेपर्यंत तो कितीदा इकडून तिकडे गेला, ते ती मोठ्याने मोजत होती.